संस्कार झाले, होकार राहून गेला

आयर्लंडच्या २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी आपला धर्म रोमन कॅथलिक असल्याचे नोंदवले. २०१६ मध्ये हे प्रमाण ७८ टक्क्यांवर आले आणि २०२२ मध्ये ६९ टक्क्यांवर. या आकड्यांत पोलंड, फिलिपिन्स, ब्राझील आणि केरळमधून तिथे स्थायिक झालेले कॅथलिकही आहेत. ते बाजूला काढले, तर मूळच्या आयरिश घरांतली गळती आणखी ठळक दिसेल. २०२२ मध्ये प्रश्नाचे शब्द थोडे बदलले होते आणि 'कोणताही धर्म नाही' हा पर्याय यादीत सर्वांत वर आणला होता. काही घट त्यामुळेही झाली असेल. पण पर्याय वर आणल्याने कोणाची श्रद्धा जात नाही, फार तर आधीच गेलेली श्रद्धा कागदावर उतरते. चर्चपासून दूर गेलेल्या या लोकांविषयी एक गोष्ट मात्र जवळजवळ खात्रीने सांगता येते. त्यांतल्या बहुतेकांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झाला होता, सातव्या-आठव्या वर्षी त्यांनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला होता आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास बिशपांच्या हातून त्यांचे दृढीकरण झाले होते. चर्चने जे द्यायचे ते त्यांना वेळेवर आणि विधिपूर्वक दिले होते. कॅथलिक शिकवणीनुसार हे संस्कार म्हणजे नुसता उपचार नव्हे, त्यांतून प्रत्यक्ष कृपा मिळते. मग एवढे सगळे मिळूनही माणसे का गेली? संस्कार मिळूनही गेली, असे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. ज्या रीतीने ते मिळाले, त्या रीतीतच त्यांच्या जाण्याची तयारी झाली होती.

ही रीत समजण्यासाठी आयर्लंडच्या शाळेत डोकवावे लागते. १८३१ मध्ये तिथे राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा सर्व पंथांची मुले एका वर्गात बसावीत, असा सरकारचा हेतू होता. चर्चसंस्थांच्या दबावापुढे तो टिकला नाही. शाळा पंथापंथांत वाटल्या गेल्या आणि आजही दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देते. दुसरीकडे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात असावे, असे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवून दिले. त्याआधी मुले बरीच मोठी झाल्यावर हा संस्कार होई. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि संस्कार वर्गाच्या वेळापत्रकात जाऊन बसले. दुसरीत ख्रिस्तप्रसाद, सहावीत दृढीकरण. तयारी शाळेच्या वेळात, शिक्षिकेकडून, अख्ख्या वर्गाची एकदम. गाणी बसवली जातात, रांगेत कसे चालायचे याच्या तालमी होतात, मुलींचे पांढरे झगे महिनोन्‌महिने आधी ठरतात. समारंभानंतर नातेवाइकांकडून पैशांची पाकिटे येतात आणि अंगणात हवेने फुगवलेला किल्ला उभा राहतो. यात वाईट काही नाही. मुलांच्या आनंदाला नावे ठेवणारा मी नव्हे. पण या सगळ्या घाईगर्दीत मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना, तुम्हाला हे खरोखर हवे आहे का, असे विचारण्याची जागा कुठेच नसते. नाही म्हणायचे, तर आपले मूल एकटे वर्गाबाहेर बसवावे लागते, आणि आठ वर्षांच्या मुलाला कोणते आईबाप तसे बसवतील?

२०१८ पर्यंत ही सक्ती आणखी खोल होती. शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त, अशी स्थिती आली की कॅथलिक शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घेऊ शकत. त्यामुळे कधी चर्चची पायरीही न चढणारे आईबाप शाळेच्या जागेसाठी बाळाचा बाप्तिस्मा उरकून घेत. त्या वर्षीच्या प्रवेश कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांचा हा अधिकार गेला. त्याच वर्षी देशाच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर जाहीर टीका केली. ज्यांना बोलताही येत नाही त्यांची सैन्यात सक्तीने भरती करावी आणि आयुष्यभर आज्ञापालनाची अपेक्षा धरावी, असा हा प्रकार आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मॅकअलीस स्वतः कॅथलिक आहेत आणि रोममध्ये चर्चच्या कायद्याचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आहे. म्हणूनच ही टीका बाहेरच्या कोणी केलेली म्हणून झटकून टाकता येत नाही. बाल-बाप्तिस्मा मुळातच चूक आहे, इतके टोक मी गाठणार नाही. मुलाला भाषा, नाव, घर आईबापच देतात, तशी श्रद्धाही देऊ शकतात. पण दिलेली गोष्ट कधी तरी स्वतःची म्हणून उचलावी लागते आणि तो क्षण या वेळापत्रकात नाही. दृढीकरण तो क्षण असायला हवा होता. तोही बाराव्या वर्षी, वर्गासह, प्राथमिक शाळा संपता संपता येतो. त्यामुळे कित्येकांच्या आयुष्यात तो चर्चच्या निरोपाचा समारंभच ठरला.

सात संस्कारांकडे एका वेगळ्या अंगाने पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होते. काही संस्कार एकदाच होतात आणि मुलांच्या बाबतीत त्यांचा निर्णय दुसरेच घेतात. काही संस्कार मात्र पुन्हा पुन्हा घ्यायचे असतात आणि प्रौढ माणसाला त्यासाठी स्वतःच्या पायांनी जावे लागते. आयर्लंडमध्ये पहिला गट अगदी परवापर्यंत शाबूत होता. दुसरा कितीतरी आधी कोसळला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात होते. गेल्या दशकातल्या पाहण्यांत ते एक तृतीयांशाच्या आसपास आले, आणि डब्लिनच्या काही वस्त्यांत त्याहूनही बरेच खाली. पण सर्वांत आधी ओस पडली ती पापनिवेदनाची कोठडी. कृत्रिम संततिनियमन निषिद्ध असल्याचा पुनरुच्चार पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये 'ह्युमाने व्हिते' या पत्रात केला. आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकांच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी होती. तरीही तिथल्या डॉक्टरांनी मासिक पाळी नियमित करण्याचे औषध म्हणून गोळ्या लिहून द्यायला सुरुवात केली. देशातल्या इतक्या बायकांची पाळी एकाच वेळी कशी बिघडली, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडले नाही. १९७९ च्या कायद्याने विवाहितांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधने मिळू लागली आणि पुढे हळूहळू बंधने सैल झाली. गोळी घेणाऱ्या बाईपुढे धर्माच्या दृष्टीने दोनच रस्ते होते. पापनिवेदनात ते सांगायचे आणि पुन्हा करणार नाही असे खोटे वचन द्यायचे, किंवा पापनिवेदनालाच जायचे नाही. असंख्य जणींनी दुसरा रस्ता धरला आणि मिस्सेला येत राहिल्या, प्रसादही घेत राहिल्या. चर्च सोडण्याची सुरुवात अशी चर्चमध्ये बसूनच झाली. त्यांच्या मुलांनी घरात काय पाहिले? आई रविवारी चर्चला जाते, पण आयुष्यातल्या सर्वांत खासगी निर्णयात चर्चला विचारत नाही. त्या मुलांनी पुढे रविवारही सोडला, तर आईने सुरू केलेलीच गोष्ट त्यांनी पुरी केली.

मराठी वाचकाला यात आपल्याकडच्या मुंजीची आठवण होईल. मुंज थाटात होते, संध्या मात्र चार दिवसांत सुटते, आणि त्यामुळे कोणी हिंदू धर्म सोडला असे मानत नाही. पण ही तुलना इथेच थांबते, आणि ती जिथे थांबते ती जागा महत्त्वाची आहे. हिंदू असण्यासाठी आठवड्याला कुठे हजेरी लावावी लागत नाही की ठरावीक मतांना संमती द्यावी लागत नाही. कॅथलिक चर्चने रविवारची मिस्सा बंधनकारक मानली आहे, शिकवणीला संमती मागितली आहे आणि गंभीर पाप असेल तर पापनिवेदनाशिवाय प्रसाद घेऊ नये असे सांगितले आहे. सभासदत्वाची इतकी स्पष्ट कल्पना असलेली संस्था आणि ते सभासदत्व न मागताच घरपोच देणारी व्यवस्था, या दोन्हींचा मेळ फार काळ बसणार नव्हता.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आयरिश माणूस मुलांवरच्या अत्याचारांमुळे गेला, शाळेच्या वेळापत्रकाचे काय घेऊन बसलात? ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूच्या प्रत्यार्पणाचे प्रकरण १९९४ मध्ये इतके चिघळले की सरकार पडले. २००५ मध्ये फर्न्स धर्मप्रांताविषयीचा अहवाल आला. २००९ मध्ये एकाच वर्षात रायन अहवालाने धर्मसंघांच्या निवासी शाळांतली क्रूरता मांडली आणि मर्फी अहवालाने डब्लिनच्या बिशपांनी तक्रारी कशा दडपल्या ते दाखवले. ट्युअमच्या माता-बालगृहात मृत्यू पावलेल्या ७९६ मुलांची यादी पुढे आली. हा संताप मी कमी लेखत नाही, आणि तो कमी लेखणाऱ्याला या विषयावर बोलण्याचा अधिकारही नाही. पण कालक्रम पाहा. पापनिवेदन ओसरले, धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांची संख्या घसरू लागली, ते या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून. उलट, दोन भयंकर अहवाल आल्यानंतर दोनच वर्षांनी झालेल्या जनगणनेत ८४ टक्के लोक अजून कॅथलिकच होते. मनाने आधीच दूर गेलेल्या माणसाला या अहवालांनी, आपण का जातो आहोत हे सांगणारी भाषा आणि जाण्याचे धैर्य दिले. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २००९ मध्ये धर्म बदललेल्या किंवा सोडलेल्या लोकांची पाहणी केली होती. धर्मगुरूंनी केलेले लैंगिक अत्याचार हे कारण सांगणारे माजी कॅथलिक त्यात तीस टक्क्यांहून कमी होते. धर्मच सोडून दिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी, आपण हळूहळू दुरावत गेलो, असे सांगितले, आणि बहुतेक जण चोविशीच्या आत गेले होते. कॅथलिक शाळेत शिकणे किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसणे याने टिकण्या-जाण्यात फारसा फरक पडलेला नव्हता. फरक दिसत होता तो किशोरवयात श्रद्धा किती घट्ट होती आणि मिस्सेला जाणे किती नियमित होते, यात. म्हणजे ज्या वयात संस्कारांची यादी पूर्ण होते आणि चर्च निश्चिंत होते, नेमके तेच वय निर्णायक होते.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राच्या बाजूने येतो आणि तो मला जास्त रोचक वाटतो. संस्काराचे सामर्थ्य देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या गुणावर अवलंबून नसते, असे चर्च मानते. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटसपंथीयांशी झालेल्या वादात संत ऑगस्टिन यांनी हाच पक्ष लावून धरला होता. अपात्र धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्माही खराच, कारण देणारा अखेर ख्रिस्त आहे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने हे सूत्र पक्के केले. मग माझे म्हणणे, की संस्कार देण्याच्या रीतीने माणसे दुरावली, हे या शिकवणीच्या विरुद्ध जात नाही का? नाही जात. ट्रेंटच्या परिषदेनेच अट घातली आहे, की जो अडथळा आणत नाही त्याला कृपा मिळते, आणि कृपेचे फळ घेणाऱ्याच्या मनोभूमीवर अवलंबून राहते, हीसुद्धा चर्चची जुनी शिकवण आहे. ऑगस्टिन यांच्या युक्तिवादाने धर्मगुरू कसाही असला तरी श्रद्धावंताला दिलासा मिळतो. पण आयर्लंडमध्ये या शिकवणीच्या पहिल्या अर्ध्याचाच उपयोग झाला. विधी वैध झाला, नोंदवहीत शाई उमटली, काम झाले. नोंदवह्या भरलेल्या पाहून बिशपांना देश कॅथलिक असल्याचे समाधान मिळत राहिले. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक जमले होते. देशाची लोकसंख्या तेव्हा चौतीस लाखांच्या आसपास होती. अशी गर्दी पाहिल्यावर आतून काय पोखरले जाते आहे, हे पाहायची गरज कोणाला वाटणार? २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच मैदानावर आले तेव्हा आलेल्यांचा अंदाज दीड लाखाच्या आसपास होता.

त्याच २०१८ मध्ये गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती उठवण्यासाठी सार्वमत झाले आणि ६६ टक्क्यांहून अधिक मते बंदी उठवण्याच्या बाजूने पडली. या चळवळीत आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचे नाव सतत घेतले गेले. २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात गर्भ वाचणार नाही हे दिसत असतानाही त्यांना गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. पण इथे मुद्दा मतांच्या हिशेबाचा आहे. दोनच वर्षांपूर्वी ७८ टक्के लोक कॅथलिक म्हणून नोंदले गेले होते. म्हणजे चर्चच्या स्पष्ट आदेशाविरुद्ध मत देणाऱ्यांत बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्यांचीच बहुसंख्या असणार. त्यांतल्या अनेकांनी पुढच्या जनगणनेत कॅथलिक हा रकाना सोडला असेल, तर त्याला अधःपतन म्हणावे की प्रामाणिकपणा? मी प्रामाणिकपणा म्हणेन.

संपन्नता आली की देव मागे पडतो, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि आयर्लंडमध्ये १९९० नंतर पैसा आला हे खरेच. पण त्याने सगळे उलगडत नाही. पोलंडकडे पाहा. तिथे कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध चर्च लोकांबरोबर उभे राहिले, त्यामुळे त्याची प्रतिष्ठा अफाट होती. १९९० मध्ये सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत जवळपास ८८ टक्के कॅथलिक होते, २०२१ मध्ये ७१ टक्के. इथेही राजकारण, अत्याचारांची प्रकरणे, गर्भपाताचा वाद ही कारणे आहेतच. तरी शाळेतला तास वाढवून श्रद्धा टिकत नाही, एवढे तरी यातून दिसते.

परंपरावादी कॅथलिक वेगळेच म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर शिकवण पातळ झाली, मुलांना प्रसादाचा अर्थच सांगितला गेला नाही, म्हणून ती गेली. यात तथ्य आहे. प्यूच्याच २०१९ च्या पाहणीत अमेरिकी कॅथलिकांपैकी जेमतेम तिघांत एकाने, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, असे मानले. उरलेल्यांना ते प्रतीक वाटते. पण या निदानात एक मोठा गट सुटतो. काही माणसे संस्कार गांभीर्याने घेतात म्हणूनच जातात. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला १९९५ च्या सार्वमताने अगदी निसटत्या बहुमताने परवानगी मिळाली. त्यानंतर ज्यांनी दुसरे लग्न केले त्यांना चर्चच्या नियमानुसार प्रसाद घेता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये 'अमोरिस लेतिशिया' या पत्रात थोडी वाट मोकळी केली, पण तोवर वीस वर्षे गेली होती. दर रविवारी बाकावर बसून राहायचे आणि शेजारी रांगेत जाताना पाहायचे, हे ज्याला प्रसादाचे काही वाटत नाही त्याला सहज जमते. ज्याला वाटते त्याला ते असह्य होते. समलिंगी मुलांच्या आईवडिलांचे, धर्मगुरुपद कायमचे नाकारल्या गेलेल्या स्त्रियांचे दुखणे याच जातीचे आहे. त्यांना अधिक कडक धर्मशिक्षण दिले असते तर ती राहिली असती, हे कोणत्या आधारावर म्हणायचे?

गंमत अशी, की जाणाऱ्याला औपचारिकपणे जाताही येत नाही. बाप्तिस्म्याची मुद्रा पुसता येत नाही, असे चर्चचे मत. तरी चर्चच्या कायद्यात औपचारिक त्यागाचा उल्लेख होता आणि त्याचा आधार घेऊन २००९ मध्ये आयर्लंडमध्ये 'काउंट मी आउट' ही मोहीम सुरू झाली. हजारोंनी अर्जाचे नमुने मिळवले. त्याच वर्षी व्हॅटिकनने तो उल्लेखच कायद्यातून काढला. दुरुस्ती आयर्लंडसाठी नव्हती, तिची चर्चा आधीपासून चालू होती, पण आयरिश मोहिमेचा पाया त्याने गेला. पुढे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून नाव काढून टाकण्याची मागणी देशाच्या माहिती संरक्षण आयोगापर्यंत पोहोचली आणि नोंद ठेवण्याचा चर्चचा हक्क आयोगाने मान्य केला. ऐतिहासिक घटना म्हणून नोंद राहणे योग्यच आहे. पण आत येताना विचारले नाही आणि बाहेर जाताना ऐकले नाही, अशी भावना झाली तर त्यात आश्चर्य काय?

डब्लिन धर्मप्रांताने अलीकडे संस्कारांची तयारी शाळेकडून धर्मग्रामाकडे नेण्याची दिशा धरली आहे. आईबापांनी स्वतः नाव नोंदवायचे, मुलाबरोबर चर्चमध्ये यायचे. मला हे योग्य वाटते. मुंबई-वसईच्या धर्मग्रामांत रविवारचे धर्मशिक्षण चर्चच्या आवारातच होते, त्यामुळे आपल्याकडच्या कॅथलिकांना यात नवे काही वाटणार नाही. आयर्लंडमध्ये मात्र त्यावर कुरकुर आहे, आणि ती निराधार नाही. शाळेने हात काढला तर अर्धी मुले येणारच नाहीत, दोन्ही आईबाप नोकरी करणाऱ्या गरीब वस्तीतली तर नक्कीच नाहीत, आणि चर्च सुखवस्तू भाविकांची मंडळी होऊन बसेल. गरीब वस्तीविषयीची भीती खरी आहे. तिच्यासाठी संध्याकाळचे वर्ग, घरी जाणारे कार्यकर्ते, वेळेची सवलत असे काही करावे लागेल आणि त्याला पैसा लागेल. संख्या घटण्याची भीती मात्र मला पटत नाही, कारण ती संख्या आधीच घटलेली आहे. फ्रान्समध्ये सरकारी शाळेत धर्मशिक्षण नाही आणि बाळांचे बाप्तिस्मे वर्षानुवर्षे कमी होत आहेत. तरी २०२५ च्या ईस्टरला तिथे दहा हजारांहून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. त्यातले किती टिकतील हे आत्ताच सांगता येणार नाही, आणि गेलेल्यांच्या तुलनेत हा आकडा लहानच आहे. पण त्यांना कोणी वर्गातून रांगेने नेलेले नाही. त्यांनी बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक तयारी केली आणि भर चर्चमध्ये सर्वांसमोर विचारलेल्या प्रश्नांना स्वतःच्या तोंडाने उत्तरे दिली. आयरिश बिशपांना सहावीतल्या मुलाकडून असे उत्तर हवे असेल, तर त्या मुलाने 'अजून नाही' म्हटल्यावर थांबायची तयारीही त्यांना ठेवावी लागेल. सोळाव्या वर्षी विचारले तर चालेल, तिसाव्या वर्षी विचारले तरी चालेल.